वाऱ्याने अडकवलं होतं तेव्हा (ग्रीसच्या बेटांवर गेलेल्यांनो, अनुभव लिहा)

केतकी_अलिबाग
काल संध्याकाळी गेटवेला पोचलो तर वाऱ्यामुळे मांडव्याची लाँच बंद. खिडकीतला माणूस बोलायलाही तयार नाही, नुसता हात हलवतोय. नवरा वैतागला आणि मला हसू फुटलं, कारण हाच हात मी आधी पाहिलाय. २०१९ चा ऑगस्ट, नाक्सोसचं बंदर.

लेकाने जर्मनीतून सगळं आखून दिलेलं. दोन रात्री नाक्सोस, तीन सांतोरिनी. पण तिकडे जुलै-ऑगस्टात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो. आभाळ निळंशार, ढग औषधाला नाही, आणि धक्क्यावर उभं राहवत नाही. फार वाढला की बोटी सोडतच नाहीत. तिकीटवाली म्हणाली, "आव्रिओ." म्हणजे उद्या. दुसऱ्या दिवशीही आव्रिओ! सांतोरिनीच्या खोलीचे पैसे बुडाले. ते युरो रुपयांत करून नवरा मला अजून ऐकवतो.

मग काय, बस पकडून आपिरान्थोसला गेलो. डोंगरातलं गाव, गल्ल्या चक्क संगमरवरी. आपण देवघरापुरता घेताना दहा वेळा भाव विचारतो, तिथे त्यावरून शेळ्या जातात. खानावळीत बटाटे खाल्ले. नाक्सोसचा बटाटा ग्रीसभर नावाजलेला आहे हे मला तिथे कळलं. ऑलिव्ह तेलात तळलेला, वर तिथलंच ग्राविएरा चीज. मालकीणबाईंना इंग्रजी येत नाही, मला ग्रीक येत नाही, तरी तासभर सुनांविषयी बोललो.

संध्याकाळी पोर्तारा. अडीच हजार वर्षांपूर्वी अपोलोचं देऊळ बांधायला घेतलं, अर्धवट राहिलं, नंतर दगडही लोकांनी दुसऱ्या बांधकामांना नेले. उरली फक्त दाराची चौकट. चौकटीत समुद्र. तीन संध्याकाळी तिथेच बसले.

कुकर लावलाय. तुम्ही लिहा तोवर.

मुळशीकर
ताई, 'ने'चा घोळ झाला का तुमचा? ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो! पारोसला आईने वेटरला खुणेने विचारलं, हे मासे नाहीत ना? तो म्हणाला "ने, ने". आई म्हणाली, बघ किती समजूतदार, ने म्हणतोय, उचल ती ताटली.

स्वराली७
😂😂 आणि नकार द्यायचा तर मान वर करून 'च्' करतात. माझी आजी अगदी तस्संच करायची.

विठूचा_गजर
तिनोसला गेलंय का कोणी? आम्ही योगायोगाने १५ ऑगस्टला होतो. मेरीमातेचा मोठा सण असतो. बंदरापासून वर चर्चपर्यंत रस्त्याच्या कडेला गालिचाची पट्टी आहे आणि त्यावरून लोक गुडघ्यांवर रांगत चढतात. भर उन्हात. एक बाई पाठीवर लहान मूल घेऊन चालली होती, रांगत म्हणजे. नवस. १८२३ साली जमिनीत मेरीमातेचं चित्र सापडलं, त्याच्यासाठी हे सगळं. मला तुळजापूरला लोटांगण घालणारी माझी मावशी आठवली. रडू आलं, का ते विचारू नका. बायको म्हणाली, टोपी घाल, ऊन लागेल.

अर्चना_पुणे३०
आम्ही शुद्ध शाकाहारी, घरून थेपले नेले होते सात दिवसांचे. गरजच पडली नाही. एक शब्द पाठ करून जा: नीस्तीसिमा. म्हणजे उपासाचं. त्यांच्या उपासाला मांस, अंडी, दूध, चीज काही चालत नाही. (कोळंबी, माखुल मात्र चालतं! तेवढं विचारून घ्या.) यिगांतेस म्हणजे मोठाल्या पांढऱ्या वालांसारख्या दाण्यांची टोमॅटोतली उसळ, भात भरलेले टोमॅटो, रानभाज्या लिंबू पिळून. आणि सांतोरिनीचा फावा! पिवळं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि तेल.

वऱ्हाडी_ठसका
अर्चनाताई, फावा म्हणजे आपल्या लाखोळीची सख्खी चुलत बहीण. लॅथिरस या वनस्पतीगटातलंच आहे ते पण, जात वेगळी. आमच्याकडे लाखोळीचे वडे असतात, खाल्ले असतील तर सांगा.

अर्चना_पुणे३०
लाखोळी?? त्याने पाय लुळे पडतात ना?

वऱ्हाडी_ठसका
दुष्काळात दुसरं काहीच नसताना महिनोन्‌महिने तीच खाल्ली तर. चार वड्यांनी काय होतंय. पुण्याच्या लोकांना आमच्या डाळीची भीती, तीच सांतोरिनीत ताटलीला दहा युरो मोजून खातात.

मुळशीकर
पुण्यावर घसरायला किती वेळ लागतो ते मोजत होतो. 😄

जहाजी_काका
मी पर्यटक नव्हे. बावीस वर्षं ग्रीक मालकांच्या जहाजांवर काढली, त्यामुळे पिरेअसचं बंदर घरच्या अंगणासारखं. बेटं म्हणाल तर बहुतेक सगळी जहाजाच्या ब्रिजवरून, दुर्बिणीतून पाहिली. खीओसवर मात्र एकदा उतरलो, आमचे चीफ इंजिनियर तिथलेच. बेटाच्या दक्षिणेला झाडांना चिरा देतात, डिंकाचे थेंब खाली पडतात, ते गोळा करून बायका दारात बसून निवडतात. मास्तिखा. तोंडात टाकला आणि वास ओळखीचा! आमच्या वडिलांच्या औषधाच्या डबीतली रुमी मस्तकी. पिर्गी नावाचं गाव आहे तिथे, घरांच्या भिंतींवर करड्या-पांढऱ्या रंगाची नक्षी खरवडून काढलेली, एकही भिंत कोरी नाही. हातात चार तास होते. पुरले नाहीत.

स्वराली७
काका तुम्ही वेगळा धागा काढा प्लीज

रागिणी_दादर
मी उलटं सांगते. सांतोरिनी चुकलं म्हणून हळहळू नका. तिथल्या ओइया गावात सूर्यास्ताच्या वेळी दादर स्टेशन बरं. जुन्या बंदरापासून वर फिरा गावापर्यंत ५८८ पायऱ्या, मी हौसेने चढले. खेचरं अंगावर येतात आणि पायऱ्यांवर त्यांचा प्रसाद. केबल कार आहे, ती घ्या. पण आक्रोतिरी पाहा. ज्वालामुखीच्या राखेत साडेतीन हजारांहून जास्त वर्षं गाडलं गेलेलं गाव, दुमजली-तिमजली घरं, रस्त्याखाली सांडपाण्याची गटारं. १९६७ पासून खणताहेत. पोंपेईसारखे सांगाडे मात्र नाहीत, बहुधा लोक आधीच निघून गेले होते. कुठे गेले असतील, हे डोक्यातून जात नाही.

बॅकफुट_पंच
कॉर्फू!! गावाच्या मधोमध मैदान आणि त्यावर क्रिकेट. ब्रिटिश ५० वर्षं होते, १८६४ ला गेले, क्रिकेट ठेवून गेले. मी कुंपणापाशी उभा तर एकाने विचारलं, इंडिया? तेंडुलकर? बायको म्हणाली, इथेही?

नवखा_प्रवासी
शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट मिळतेय का सध्या मुंबईत? कुणाला माहीत असेल तर सांगा.

स्वराली७
रात्री उशिरा साइट बघत राहा, कुणीतरी रद्द केली की उघडते. मला तशीच मिळाली.

दापोलीची_चिंगी
घाईत लिहितेय, मुलं उठतील. मला सगळ्यात विचित्र वाटलं ते म्हणजे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच! सकाळी चपला जिथे काढल्या तिथेच दुपारी कोरड्या. मी कोकणातली, सारखी उठून बघत होते. नवरा म्हणाला, बस ना आता. पाणी इतकं नितळ की बोटं मोजता येतात, पण मे महिन्यात असलं गार की किंचाळले. पारोसच्या नाउसा गावात दोरीवर ऑक्टोपस वाळत घातलेले, बोंबलांसारखे. फोटो सासूबाईंना पाठवला. उत्तर: "शी."

केतकी_अलिबाग
बापरे, कुकर उतरवून येते तर केवढं लिहिलंत! चिंगी, भरतीचं अगदी खरं. रागिणी, हे वाचून नवऱ्याला जरा बरं वाटलं, पैशांचं अजून नाही. विठू, तिनोस आमच्या बोटीच्या वाटेवरच होतं गं/रे (माफ करा, कळत नाही), धक्क्याला लागून पुढे निघालो. आता उतरावंसं वाटतंय. वऱ्हाडी, वड्यांची कृती टाका.

विठूचा_गजर
रे. 🙂

मुळशीकर
ते सगळं ठीक, काल मांडव्याला पोचलात कसे?

केतकी_अलिबाग
पोचलो कुठे! बहिणीकडे परळला राहिलो. तिला म्हटलं, आव्रिओ. तिने विचारलं, ते काय, खायचं असतं?