मदत हवी आहे: सोसायटीच्या बागेतली माती मेली आहे, गांडुळंही टिकली नाहीत

घणसोलीकर:
बाग साधारण 1000 चौ. फूट. वर वीतभर लाल माती, खाली मुरूम आणि बांधकामाचं डबर. पावसात तळं, मार्चपासून भेगा. जूनमध्ये 5 किलो गांडुळं विकत आणून सोडली, पंधरा दिवसांत एकही दिसेना. कमिटी म्हणते, पेव्हर ब्लॉक टाकून मोकळे होऊ, नाहीतरी मातीत खेळून पोरं आजारी पडतात. रविवारी मीटिंग आहे. जिवंत मातीचा माणसांना नेमका काय उपयोग? आणि ही माती सुधारेल का?

मातीचा_वास:
आधी गांडुळांचं. खतासाठी विकतात ती आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस. ती शेणात, कुजक्या पाल्यात जगतात. मुरमात ना खाणं, ना ओल. जमिनीत बिळं करणारी जात वेगळी. वर पाला आणि ओल असली की ती शेजारच्या मातीतून आपली आपण येते. तेव्हा पुन्हा विकत आणू नका, पैसे वाया.

मीटिंगआधी एक चाचणी करा. 6 इंच व्यासाचा पत्र्याचा डबा दोन्हीकडून कापून जमिनीत 3 इंच ठोका, 450 मिली पाणी ओता (म्हणजे एक इंच पाऊस). जिरलं की तेवढंच पुन्हा ओता आणि वेळ दुसऱ्या खेपेची धरा, कारण कोरडी माती पहिल्या खेपेला फसवते. अर्ध्या तासात जिरलं तर ठीक, दोन तास उभं राहिलं तर माती दाबली गेली आहे. हीच चाचणी झाडाच्या बुंध्याजवळ, पाला साचतो तिथे करा आणि दोन्ही ठिकाणची वेळ कमिटीसमोर ठेवा.

डासांचा मुद्दा निघेलच. पावसाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे पाणी जिरणं हाच उपाय. खचलेल्या पेव्हरवरही डबकी होतात, बाकीचं पाणी गटारात जातं. भरती आणि मुसळधार एकत्र आली की धारण तलावांची (शहरातलं पावसाचं पाणी साठवून खाडीत सोडणारे तलाव) दारं बंद असतात, मग ते गटारही तुंबतं.

डॉ_सूक्ष्म:
आरोग्याचं. क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन 1943 साली मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस जिवाणूपासून मिळालं. पहिल्या पावसाचा वास देणारं जिओस्मिन हे द्रव्यही हेच जिवाणू बनवतात. पण कमिटीला औषधांचा इतिहास नको असतो, म्हणून हे सांगा: फिनलंडमध्ये पाळणाघरांच्या अंगणात जंगलातल्या जमिनीचा वरचा थर आणि हिरवळ अंथरली, तेव्हा 28 दिवसांत मुलांच्या त्वचेवरचे जिवाणू विविध झाले आणि रक्तात प्रतिकारशक्तीचं नियमन सुधारल्याच्या खुणा दिसल्या (2020). प्रयोग लहान होता. ‘माती खेळा, ॲलर्जी जाईल’ असं मात्र सांगू नका.

भीती अगदीच खोटी नाही. धनुर्वाताची लस वेळेवर, पायात चप्पल, खेळून आल्यावर साबणाने हात. वाळूच्या खड्ड्यात मांजरं घाण करतात, तो रात्री झाका. साचलेल्या पाण्यात पोरांना सोडू नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो.

खुरपं_आणि_घमेलं:
आता काम. जमीन वाफशावर (ओलसर, पण चिखल नाही) असताना पहारीने फूटभर सैल करा, मातीचे थर उलटेपालटे करू नका. चिखलात खोदलंत तर वाळल्यावर विटा होतील. डबर निघेल तेवढं काढा, कारण सिमेंटच्या चुन्याने माती अल्कधर्मी होते आणि पानं पिवळी पडतात.

वर 2 इंच पिकलेलं खत. 1000 चौ. फुटांना 167 घनफूट, म्हणजे पावणेदोन ब्रासला (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) जरा कमी. सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं खत असेल तर मूठभर ओलं करून पिशवीत बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस किंवा अमोनियाचा वास आला तर कच्चं आहे, मुळं जाळेल. शिजलेल्या अन्नाच्या खतात मीठही असतं. पहिल्या वर्षी निम्मं खत, निम्मा कुजलेला पाला घाला.

त्यावर सुक्या पानांचा 3 इंच थर, बुंध्यापासून वीतभर लांब. रोज पाला झाडून नेणं हाच मातीचा उपास, माळ्याला तो आधी थांबवायला सांगा. दाणेदार कीटकनाशक आणि वाळवीची फवारणी इथे बंद, दोन्हींनी गांडुळं मरतात. मुलं खेळतात तिथे जीवामृतही नको, ताजं शेण आहे ते.

घणसोलीकर:
डबा आजच ठोकतो. गांडुळं आली की नाही, कधी बघायचं?

मातीचा_वास:
ऑगस्टमध्ये, दोन दिवस उघाड मिळाल्यावर सकाळी. फूट बाय फूट, फूटभर खोल खड्डा, माती गोणपाटावर काढून मोजा. पहिल्या वर्षी दोन-तीन मिळाली तरी खूप, दहा झाली की माती सुधारली म्हणायची. मोजून झालं की लगेच परत सोडा, उन्हात मरतात.