जुन्या नाशकातला वाडा: भिंत फुगली म्हणून पाडायचा का?

गोदाकाठ: सराफ बाजाराजवळचा दुमजली, एकचौकी वाडा. जोतं काळ्या दगडाचं, खांब सागवानी, भिंती विटा-मातीच्या. २०१६ आणि २०१९ च्या पुरात पाणी जोत्यावर चढलं, नंतर सिमेंटचा गिलावा केला. आता चौकाकडची भिंत फुगलीय, लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) सुटलाय. कंत्राटदार म्हणतो पाडा, आर्किटेक्ट म्हणतात वास्तू मोलाची आहे. मोल नेमकं कशात, आणि आधी काय तपासू?

कडीपाट: मोल सांगाड्यात. तळखड्यावर (खांबाखालचा दगड) खांब, खांबावर हस्त (माथ्यावरचा आडवा लाकडी आधार), त्यावर तुळई (मुख्य आडवं लाकूड), मग कड्या (तुळईवरची बारीक आडवी लाकडं). भार असा उतरतो. चौकाकडची भिंत बहुधा खांबांमधली नुसती भरणी असते, भार पेलत नाही. खोली खणांत मोजायचे ती याच हिशेबाने. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, साधारण पाच-सहा फुटांचं, तेवढ्या पल्ल्यात बेताची तुळई वाकत नाही. नक्षीदार हस्त शोभेसाठी नाहीत, ते तुळईचा पल्ला कमी करतात. (काढून विकणाऱ्यांना हे कोण सांगणार!)

खांबाच्या खालच्या फूटभरात स्क्रूड्रायव्हर टोचा. सहज आत गेला किंवा ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर कुजलाय. भिंतीत गाडलेले खांब आधी बघा, उघड्यांना वारा तरी लागतो. मग पन्हळीखालची तुळयांची टोकं.

चुनाभट्टी: एक दुरुस्ती. बऱ्याच वाड्यांत बाहेरची जाड भिंत कड्यांची टोकं पेलते. ती फुगली असेल तर आधी टेकू, बाकी सगळं नंतर. भेगेवर काचेची पट्टी चिकटवा. तडकली तर भिंत अजून सरकतेय.

खरा घोळ सिमेंटने केलाय. ओल बाहेर पडेना, म्हणून ती वर चढते आणि खांबात मुरते. गिलावा छिन्नीने काढा, ब्रेकर नको. भिंतीला एक उन्हाळा सुकू द्या. मग मुरवलेला चुना १ आणि वाळू-सुरखी (विटांची भुकटी) मिळून ३. थर अर्ध्या इंचाच्या आत, वर आठवडाभर ओलं गोणपाट. चुना उन्हात भराभर सुकला की भुरभुरतो.

गोदाकाठ: खांब कुजका निघाला तर अख्खा बदलायचा?

कडीपाट: नाही. तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू द्या. जॅक भार घेण्यापुरताच चढवा. तुळई उचलायला गेलात तर वरचा मजला तडकेल. कुजका भाग कापून जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा, सांधा खांबाच्या जाडीच्या किमान दुप्पट लांब ठेवा. ओला साग लावू नका, आकसला की सांधा सुटतो.