पर्वरीतली भागीदारी घ्यावी की पेडण्यात मुंडकारांची कामं करावीत?

तेरेखोलकाठ

नमस्कार. मी गोव्यात वकील आहे आणि पर्वरीतल्या एका कार्यालयात जमिनींच्या टायटलचं, म्हणजे मालकी तपासायचं काम करते. कोणी जागा घ्यायची ठरवली की तिचे कागद आमच्याकडे येतात. पोर्तुगीज काळातलं दिस्क्रिसांव (जमिनीची नोंदणी), मात्रीज (कराची नोंद), इन्व्हेंटरीचा म्हणजे कोर्टातल्या वारसा-वाटणीचा निकाल, सर्व्हेनंतरचा एक-चौदाचा (सातबाऱ्यासारखा) उतारा, म्युटेशन, झोनिंगचा दाखला. हे सगळं एकमेकांशी जुळतं का ते पाहून मी अहवाल लिहिते. काम मला मनापासून आवडतं. जुन्या पोर्तुगीज हस्ताक्षरातून एखादा विसरलेला वारस सापडला की त्या दिवशी जेवणही गोड लागतं. आमचे सर सरळ माणूस आहेत, खोटा कागद त्यांनी कधी पुढे जाऊ दिलेला नाही.

आता त्यांनी मला भागीदार होण्याविषयी विचारलंय. पैसे जवळजवळ दुप्पट होतील. घरात सगळे खूश आहेत. माझ्या मनात मात्र बरेच दिवस दुसरंच घोळतंय. पेडण्यात लहानसं कार्यालय घ्यावं आणि मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेले रहिवासी), कूळ, घरवाटण्या अशी कामं करावीत.

एक-चौदाच्या उताऱ्यावर जमिनीच्या प्रकारांचे रकाने असतात, जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड. मोपा विमानतळाचं 2022 च्या डिसेंबरात उद्घाटन झालं, तेव्हापासून आमच्या तालुक्यातले उतारे माझ्या टेबलावर सारखे येतात. ‘तरी’ म्हणजे भातशेतीखालचा आकडा वाचला की कितीतरी वेळा ते शेतच डोळ्यांपुढे येतं, कारण त्यातली काही माझ्या पायाखालची आहेत. पावसात सरद भात, मग वायंगण म्हणजे दुसरं भात, नाहीतर मिरची आणि अळसांदे. खरेदीदार विचारतो, झोन बदलेल का? 2023 मध्ये नगरनियोजन कायद्यात झोन बदलू देणारं 17(2) कलम आलं, 2024 मध्ये 39अ, त्यावरून गावागावांत काय चाललंय ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

मागच्या उन्हाळ्यात एका मोठ्या जागेचं काम आलं. काजूच्या भाटात, म्हणजे बागेत, एक मातीचं घर होतं. उताऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात नोंद नव्हती, मुंडकार म्हणून अर्ज कोणी केलेला नव्हता. घरात एक आजी, तिचा मुलगा, सून. खरेदीदाराने पैसे देऊ केले, रक्कम वाईट नव्हती आणि मुलाला ती हवी होती. करार मी लिहिला. कोकणीतून समजावून सांगायलाही मीच बसले. आजी खाली मान घालून ऐकत होती. चतुःसीमा आल्या, पूर्वेला पायवाट, पश्चिमेला विहीर, तेव्हा तिने माझा हात धरला. “बाय, ती बांय आमी खणल्या, तें बरय.” विहीर या कुटुंबाने खोदली आहे, असं एक वाक्य मी करारात वाढवलं. व्यवहाराला त्याने काही फरक पडत नव्हता. मग तिने अंगठा दिला.

त्या व्यवहारात खोट नव्हती. पण तिच्या बाजूने कागद बघणारं कोणी नव्हतं. जुनी घरपट्टी, जन्माचे दाखले, शेजाऱ्यांच्या जबान्या, हे सगळं कुठून काढायचं ते त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं, आणि माझी फी खरेदीदार देत होता.

माझे आजोबा कूळ होते, भाटकाराला म्हणजे जमीनमालकाला खंड द्यायचे. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळातला 1964 चा कूळ कायदा आणि शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना 1976 मध्ये झालेली दुरुस्ती, यांमुळे कसणाऱ्याला मालकी मिळाली. पण कायदा झाला म्हणून तो आपसूक घरी चालत येत नाही. गावच्या मराठी शाळेतल्या एका मास्तरांनी आजोबांचा अर्ज लिहिला आणि मामलेदारापुढे त्यांच्याबरोबर उभे राहिले. त्या शेतावर बाबा शिकले, पुढे मी शिकले. त्या मास्तरांसारखं काम आपण करावं, एवढीच माझी इच्छा आहे.

घराचं कर्ज आहे. मुलगा दुसरीत आहे. नवरा म्हापशाला बँकेत असतो. तो म्हणतो, तू ठरव, मी आहे, फक्त हप्ता कसा भागणार ते मांडून दाखव. कोणी असा बदल केला असेल तर सांगा, घर कसं चाललं?

डिचोलीचा वकील

बाय, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. डिचोलीत मी हेच करत म्हातारा झालोय, म्हणून जे आहे ते सांगतो.

मुंडकाराच्या दाव्यावर घर चालत नाही. मामलेदाराकडे निवडणूक असते, पावसाळ्यात पडझड असते, कायदा-सुव्यवस्था असते. तारखा पुढे जातात. तोवर तो बदलून जातो आणि नव्याला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. अशील गरीब, फी तुकड्या-तुकड्यांनी येते. पण निकाल लागून पंचायत हद्दीतल्या माणसाच्या नावावर त्याचं घर आणि भोवतालची 300 चौरस मीटरपर्यंतची जागा होते, त्या दिवशी त्या घरातली पोरं ताठ चालतात. मी हे पाहिलंय आणि त्यासाठीच अजून कोर्टाची पायरी चढतो.

पोट भरायला दुसरं काम आहे आणि ते तुझ्या हातात आहे. आपल्याकडे नवराबायको दोघांच्या सहीशिवाय घरजमीन विकता येत नाही, मुलांचा अर्धा वाटा कोणाला डावलता येत नाही. त्यामुळे मृत्यूनंतर वाटणीसाठी अनेकदा इन्व्हेंटरी येते. पेडणे, डिचोली, सत्तरीत भावंडं मुंबईला, आखातात, पोर्तुगालला विखुरलेली असतात आणि जुना पोर्तुगीज कागद वाचणारा नवा वकील शोधून मिळत नाही. महिन्याला दोन-तीन इन्व्हेंटरी हातात असल्या तर तुझा हप्ता निघेल. नोटरीसाठी सर्वसाधारणपणे 10 वर्षांची वकिली लागते, बायकांना 7. बसत असशील तर अर्ज कर, तालुक्याच्या ठिकाणी तो रोजचा आधार असतो.

आणखी एक. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव घाल. 1987 च्या कायद्याने बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्या आजीला तो मिळू शकला असता, तिला कोणी सांगितलं नाही. मानधन थोडं असतं, पण माणसं तिथूनच ओळखायला लागतात.

सत्तरीचा ट्रकवाला

ताई, मी कायद्यातला नाही. आमच्या घरचे दोन ट्रक खाणीवर होते. 2012 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या तेव्हा दुसऱ्या ट्रकचं कर्ज नुकतं सुरू झालं होतं. मधे थोडं चाललं, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. एक ट्रक विकला. आज मी काजू आणि गाई बघतो, बायको शिवणकाम करते, आणि खरं सांगतो, घरात शांतता आहे. खाण चालू असताना पावसात लाल गाळ आमच्याच मोरडीच्या शेतात उतरायचा आणि त्याच पैशातून आम्ही बाजारातले तांदूळ आणायचो. वडिलांना ते शेवटपर्यंत सलत होतं.

पण मी स्वतःहून सोडलं नव्हतं. माझ्यावर ते येऊन पडलं, तेव्हा घरची काय दशा होते ते मला माहीत आहे. म्हणून सांगतो, पगार कमी होण्याआधी खर्च कमी करा. पेडण्यात जेवढे मिळतील असं वाटतं तेवढ्यातच आतापासून घर चालवून बघा आणि उरलेला सगळा पगार कर्जाच्या मुद्दलात घाला. घरच्यांना पहिले दोन महिने जड जाईल. शाळेची फी, गाडी, चवथीचा खर्च, यातलं काय सोडता येत नाही ते तेव्हाच कळेल. हे जमलं तर बिनधास्त जा. जमलं नाही तर नोकरी हातात आहे.

मडगावहून

मला थोडं वेगळं वाटतं. मीही याच कामात आहे. तू गेलीस की तुझ्या खुर्चीत कोण बसणार, याचा विचार केलास का? मध्यंतरी आमच्याकडे एक जागा आली, कुळाला कायद्याने मिळालेली. 1991 च्या जमीन वापर कायद्याने अशी जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. मी अहवालात ते पहिल्याच परिच्छेदात लिहिलं आणि खरेदीदार मागे फिरला. ते शेत अजून शेत आहे. माझ्या जागी गप्प राहणारा कोणी असता तर? भागीदार झालीस तर कोणती कामं घ्यायची नाहीत हे सांगायचा अधिकार तुला मिळेल. तालुक्यात बसून तू दहा घरं वाचवशील, आत राहून कदाचित अख्खं शेत वाचेल.

तेरेखोलकाठ

मडगावच्या ताई, तुमचं म्हणणं मी हलकं घेत नाही. तुमच्यासारखी माणसं आत असायलाच हवीत. मी सरांना नेमकं हेच विचारलं, की शेताचा झोन बदलायची कामं आपण नाकारू शकतो का. ते म्हणाले, एखादं नाकारू, सगळी नाकारली तर कार्यालय चालणार नाही. त्यांच्यावर सात-आठ घरं अवलंबून आहेत, मला त्यांचा राग नाही. पण भागीदार म्हणून माझंही नाव त्या पाटीवर असेल, आणि ती कामं माझ्या नावाने जातील. त्याला माझं मन तयार नाही.

ट्रकवाले भाऊ, तुमचा निरोप मी नवऱ्याला वाचून दाखवला. तो लगेच वही घेऊन बसला. गाडी बदलायची होती, ती राहू दे म्हणाला. सासूबाईंनी मात्र चवथीच्या माटोळीला (गणपतीवरच्या फळाफुलांच्या सजावटीला) आणि देवकार्याला हात लावायचा नाही असं बजावलंय, आणि ते मला मान्य आहे. पुढच्या चवथीपर्यंत कमी पैशांत राहून बघायचं असं ठरलंय. भागीदारीला मी नको म्हटलं. सरांना खरं कारण सांगितलं, ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, तोवर नोकरी कर.

डिचोलीचे काका, तुमच्या कार्यालयात शनिवारी येऊन बसले तर चालेल का? मुंडकाराचा अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत मी कधी चालवलेला नाही. आणि त्या आजींच्याच वाड्यावर अजून तीन घरं आहेत, त्यांची जागा विकलेली नाही. तिथल्या एका सुनेने परवा फोन करून विचारलं, अर्ज करायला कोणते कागद लागतात?

डिचोलीचा वकील

ये. दहानंतर ये, त्याआधी मी देवळात असतो.

त्या सुनेला सांग, घरपट्टीच्या जितक्या जुन्या पावत्या सापडतील तितक्या काढून ठेव. मतदार यादीतलं जुनं नाव, शाळेचे दाखले, रेशनकार्ड, विजेचं पहिलं बिल. सासूचा जन्म त्याच घरात झाला असेल तर तो दाखला. घरातल्या पत्र्याच्या पेट्या उघडून बघायला सांग, लोक कागद तिथंच ठेवतात आणि विसरतात. भाटकाराला कधी काही दिलं असेल, नारळ, काजू, दिवसभराचं काम, तर ते कोणी पाहिलंय त्या म्हाताऱ्या माणसांची नावं लिहून घे. त्यांच्या जबान्या आधी घ्याव्या लागतील, ती माणसं थांबत नाहीत. तिन्ही घरांचे अर्ज एकत्र तयार करू, पण दाखल वेगवेगळे करायचे, एकाची तारीख चुकली तर दुसऱ्याचं अडायला नको.