भेट नको, अदलाबदल बरी

माझे साहेब आणि मी, दोघांनाही नाणी जमवायचा छंद आहे. साहेबांना नाणं भेट दिलं की सहकाऱ्यांना ती खुशामत वाटते, असं म्हणतात आणि ते मला पटतं. म्हणून आम्ही दोघं फक्त जास्तीच्या नाण्यांची अदलाबदल करतो, तीही जेवणाच्या सुट्टीत.

पण साहेबांची चूक दाखवायची वेळ आली तर? माझ्या साहेबांनी चांदीची जुनी नाणी पावडरीने घासून लख्ख केली होती आणि मोठ्या कौतुकाने माझ्यापुढे ठेवली. चांदीवरचा काळसर थर म्हणजे मळ नव्हे, हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे तो हळूहळू चढतो. घासलं की बारीक ओरखडे पडतात आणि संग्राहकांच्या लेखी नाण्याची किंमत उतरते. हे मी त्यांना एकट्यात सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले, मग उरलेला डबाच माझ्यापुढे सरकवला. त्यातली मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांत हिरवी पडू लागलेली तांब्याची नाणी आम्ही लगेच बाहेर काढली.