मदत हवी आहे: मोप्सस खरा राजा होता का?

मंडळी, ग्रीक पुराणातला मोप्सस, म्हणजे भविष्यवेत्ता टायरेसियसचा नातू, ज्याने अंजिराच्या झाडावर किती फळं आहेत ते अचूक सांगून ट्रोजन युद्धातला भविष्यवेत्ता काल्खस याला हरवलं, त्याच्या मागे खरा माणूस असावा असं मला फार वाटतं कारण तुर्कस्तानात कराटेपेला इ.स.पू. 8 व्या शतकातला शिलालेख आहे, फिनिशियन आणि लुवियन अशा दोन प्राचीन भाषांत, त्यात अझातिवादा नावाचा तिथला सत्ताधीश राजघराण्याला 'मोप्ससचं घराणं' म्हणतो, आणि 1997 ला तुर्कस्तानातच चिनेकॉयला सापडलेल्या लेखातही तेच घराणं येतं!! पण हित्ती लोकांच्या (तुर्कस्तानातलं प्राचीन साम्राज्य) मद्दुवत्ता नावाच्या मांडलिकाबद्दलच्या मजकुरात मुक्सस (मोप्सस याच नावाचं रूप) नावाचा माणूस येतो तो साधारण इ.स.पू. 1400 चा, म्हणजे ट्रोजन युद्धाच्या कितीतरी आधीचा, आणि पुराणातला मोप्सस तर त्या युद्धाच्या काळातला. मग मुक्सस आणि मोप्सस हे दोन वेगळे धरायचे की एकच नाव घराण्यात पुन्हा पुन्हा ठेवलेलं? मधल्या पिढ्यांचा पुरावा कुठे वाचायला मिळेल, कोणी अभ्यास केलाय का, प्लीज सांगा.