तेच पाप पुन्हा पुन्हा घडत असेल, तर माझे तारण खरे आहे का? रिफॉर्म्ड शिकवण काय सांगते?

प्रश्न : सातारकर

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

मी ख्रिस्ती घरात वाढलो, दृढीकरण झाले आणि उपासनाही सहसा चुकवत नाही. अलीकडे मी ज्या प्रार्थनासभेला जातो, तेथे असे शिकवले जाते की ज्याच्या जीवनात तेच पाप वारंवार दिसते, त्याचे तारण झालेलेच नाही किंवा झालेले तारण त्याने गमावले आहे. संताप ही माझी जुनी खोड आहे. मुलांवर मी नको तितका ओरडतो, रात्री देवाजवळ क्षमा मागतो आणि आठवडा संपायच्या आत पुन्हा तेच घडते. दुसरीकडे काही बांधव सांगतात की एकदा येशूला स्वीकारले की झाले, पुढच्या वागण्याचा तारणाशी संबंध नाही. पहिल्या शिकवणीने माझी झोप उडाली आहे आणि दुसरी मनाला पटत नाही. रिफॉर्म्ड मंडळ्या, म्हणजे जॉन कॅल्विनच्या परंपरेतील प्रोटेस्टंट मंडळ्या, ‘केवळ कृपेने, केवळ विश्वासाने’ असे म्हणतात. मग त्यांच्या शिकवणीत सत्कृत्यांना नेमके कोणते स्थान आहे?

उत्तर : पाळक, नगर जिल्हा

सातारकर बंधू, सलाम.

या प्रश्नाचा विचार सत्कृत्यांपासून सुरू केला, तर आपण फिरून स्वतःपाशीच येऊन थांबू. म्हणून आधी सुवार्तेकडे पाहू. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात प्रेषित पौल सुवार्तेचा गाभा सांगतो : ख्रिस्त आपल्या पापांबद्दल मरण पावला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठवला गेला. या तिन्ही गोष्टी आपल्या बाहेर, आपल्या जन्माच्या कितीतरी आधी, आपल्याला न विचारता घडल्या. देव पापी माणसाला नीतिमान, म्हणजे आपल्यापुढे निर्दोष, ठरवतो तो त्याच्यात झालेली सुधारणा मोजून नव्हे, तर ख्रिस्ताचे आज्ञापालन आणि त्याचे मरण त्या माणसाच्या खाती धरून. विश्वास हा ते दान घेणारा रिकामा हात आहे; त्या हाताच्या बळावर काहीच ठरत नाही.

जर्मनीतील पॅलाटिनेटचा अधिपती तिसरा फ्रेडरिक याने करवून घेतलेली हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावली, म्हणजे प्रश्नोत्तररूपाने विश्वास शिकवणारे रिफॉर्म्ड मंडळ्यांचे पुस्तक, १५६३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या रचनेत झखारियास उर्सिनस याचा मोठा वाटा होता. तिच्यातील १२९ प्रश्न वर्षभर शिकवता यावेत म्हणून ५२ रविवारांत विभागलेले आहेत, आणि त्यांचे तीन भाग आहेत : माणसाची दुर्दशा, त्याची सुटका आणि त्याची कृतज्ञता. दहा आज्ञांचे सविस्तर विवेचन तिसऱ्या भागात येते. आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला या मांडणीतच दिसते. आज्ञापालन ही सुटकेची किंमत असती, तर ते विवेचन दुसऱ्या भागात आले असते.

आपण ६० वा प्रश्न अवश्य वाचावा. त्याच्या उत्तराचा आशय असा आहे : मी देवाच्या सर्व आज्ञा मोडल्या आहेत, एकही पाळलेली नाही आणि अजूनही माझा कल वाईटाकडेच आहे, असा दोष माझे मन मला लावत असले, तरीही देव केवळ कृपेने ख्रिस्ताची नीतिमत्ता माझी म्हणून धरतो, जणू मी कधी पापच केले नव्हते. ‘अजूनही’ वाईटाकडे कल असलेल्या माणसाच्या तोंडी हे उत्तर घातले आहे, याकडे लक्ष द्या.

आजाऱ्यांच्या भेटीला जाताना मी हे उत्तर सोबत नेतो. जन्मभर मंडळीसाठी झिजलेली वृद्ध माणसेही अखेरच्या दुखण्यात विचारतात, ‘‘पाळकसाहेब, माझ्या हातून पुरेसं झालं का हो?’’ अशा वेळी त्यांनी केलेल्या सेवेची आठवण करून देणे मला क्रूर वाटते, कारण ज्याचे मन जागे आहे त्याला त्या सेवेतील उणिवाच आधी दिसतात. पुण्य गाठीशी बांधण्याची सवय आपल्या समाजात खोल रुजलेली आहे, आणि बाप्तिस्मा झाला म्हणून ती आपोआप जात नाही. त्या खाटेजवळ ख्रिस्ताने काय केले हेच सांगावे लागते.

उत्तर : कोल्हापूरची एक वाचक

पाळकसाहेबांनी सांगितलेले सर्व मान्य करून मी एका गोष्टीवर अधिक भर देऊ इच्छिते, कारण ‘पुढच्या वागण्याचा संबंध नाही’ या शिकवणीला तेवढ्याने पुरते उत्तर मिळत नाही.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारक जॉन कॅल्विनने आपल्या मुख्य ग्रंथाच्या तिसऱ्या भागाच्या आरंभीच म्हटले आहे की ख्रिस्त जोवर आपल्या बाहेर आहे, तोवर त्याने जे काही सोसले आणि केले त्याचा आपल्याला उपयोग नाही. पवित्र आत्मा विश्वासाच्या द्वारे आपल्याला ख्रिस्ताशी जोडतो, आणि त्या एका जोडणीतून दोन दाने एकदमच मिळतात : पापांची क्षमा होऊन नीतिमान ठरणे आणि पवित्र जीवनासाठी नवे होणे. सूर्याचा प्रकाश आणि त्याची उष्णता वेगळी करता येत नाहीत, तरीही प्रकाशाचे काम उष्णता करत नाही, असा दाखला कॅल्विन देतो. ज्या सभेत आपल्याला भीती घातली जाते, तेथे उष्णतेवरून प्रकाश ठरवला जात आहे. आणि जे बांधव कसेही जगा म्हणतात, ते ख्रिस्ताचे दोन तुकडे करून त्यातला सोयीचा एक घेऊ पाहत आहेत. दुसरी चूक मला पहिलीइतकीच गंभीर वाटते. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल या विचाराला थारा देत नाही, कारण जो ख्रिस्ताबरोबर मेला आणि उठला, तो पापात निवांत राहूच शकत नाही.

‘निवांत’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. पाप घडणे आणि पापाशी सलोखा करणे यांत मोठे अंतर आहे. हायडेलबर्गचा ११४ वा प्रश्न विचारतो की देवाकडे वळलेले लोक आज्ञा पूर्णपणे पाळू शकतात काय, आणि उत्तर देतो की अत्यंत पवित्र माणसांतही या जन्मी या आज्ञापालनाची केवळ लहानशी सुरुवात असते; मात्र ते काही थोड्या नव्हे, तर सर्वच आज्ञांप्रमाणे जगण्याचा मनापासून प्रयत्न सुरू करतात. ‘लहानशी सुरुवात’ हे ऐकून निराश होऊ नका. ती ज्याने केली आहे तोच ती पुरी करणार आहे.

आज्ञांकडे पाहण्याची नजरही यामुळे बदलते. कॅल्विन १५३८ ते १५४१ या काळात स्ट्रासबर्ग येथे निर्वासित फ्रेंच मंडळीचा पाळक होता. तेथील उपासनेत पापकबुली आणि क्षमेची घोषणा झाल्यानंतर दहा आज्ञा गायल्या जात. आधी क्षमा, मग आज्ञा, आणि त्याही गाऊन! क्षमा मिळालेले लेकरू बापाची इच्छा जाणून घेण्यासाठी त्या आज्ञा ऐकते. आमच्या कोल्हापूर भागात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली आले आणि ते काम पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळीकडे गेले. म्हणजे हा वारसा आपल्या पश्चिम महाराष्ट्राला नवा नाही, तरीही आज आपल्याच मंडळ्यांत तो फारसा शिकवला जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता आपल्या संतापाविषयी. रात्री देवाजवळ क्षमा मागता ते योग्यच आहे, परंतु सकाळी मुलांजवळही मागा. त्यांच्यासमोर बसून, ‘‘काल मी तुझ्यावर ओरडलो, ते पाप होते, मला क्षमा कर,’’ असे स्पष्ट म्हणा आणि त्याला ‘‘पण तूही...’’ असे शेपूट जोडू नका. ज्याला देवापुढे स्वतःचे समर्थन करायचे उरलेले नाही, तोच मुलांपुढे असा मोकळेपणाने झुकू शकतो. विश्वासाने नीतिमान ठरणे ही शिकवण घरात उतरते ती अशी.

सातारकर

ताई, पाळकसाहेब, मनःपूर्वक आभार. दोन शंका उरतात. याकोबाच्या पत्रात (२:२४) मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे, तर कृतींनी नीतिमान ठरतो असे स्पष्ट लिहिले आहे, त्याचे काय? आणि रिफॉर्म्ड लोक देवाच्या निवडीविषयी, म्हणजे कोणाला तारायचे हे देवाने आधीच ठरवले आहे याविषयी, बोलतात, तेव्हा माझ्या मनात येते की माझी निवडच झालेली नसेल तर? या भीतीपायी मी हल्ली प्रभुभोजनालाही, म्हणजे मंडळीतील भाकर व द्राक्षारसाच्या विधीलाही, पुढे जात नाही.

उत्तर : ईश्वरविज्ञानाचा विद्यार्थी, पुणे

याकोब आणि पौल दोघेही अब्राहामाचेच उदाहरण घेतात, परंतु त्यांच्यासमोरचे लोक वेगळे आहेत. पौलासमोर स्वतःच्या कर्मांवर विसंबणारा माणूस आहे, म्हणून तो उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायाकडे बोट दाखवतो, जेथे अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तो विश्वास त्याच्याकडे नीतिमत्त्व असा गणण्यात आला. याकोबासमोर तोंडाने विश्वास सांगणारा आणि उघड्या-उपाशी भावाला रिकाम्या हाताने परत पाठवणारा माणूस आहे; म्हणून तो २२ व्या अध्यायातील इसहाकाच्या अर्पणाची आठवण देतो. त्या दोन प्रसंगांत अनेक वर्षांचे अंतर आहे. आधी गणला गेलेला विश्वास नंतर कृतीत दिसून आला. इंग्लंडमध्ये १६४६ साली पूर्ण झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासांगीकाराच्या, म्हणजे विश्वासाच्या अधिकृत निवेदनाच्या, ११ व्या अध्यायात हे नेमकेपणाने आले आहे : नीतिमान ठरण्याचे साधन केवळ विश्वास हेच आहे, परंतु नीतिमान ठरलेल्या माणसात तो विश्वास कधी एकटा नसतो, तो मृत नसून प्रीतीच्या द्वारे कार्य करतो.

निवडीविषयी मी आग्रहाने सांगेन की देवाच्या गुप्त संकल्पात डोकावून स्वतःचे नाव शोधू नका. कॅल्विन ख्रिस्तालाच आपल्या निवडीचा आरसा म्हणतो. नेदरलँड्समधील डॉर्ट येथे १६१८–१९ मध्ये भरलेल्या धर्मसभेने निवडीची शिकवण ठामपणे मांडली, आणि त्याच निवेदनाच्या पहिल्या प्रकरणात आपल्यासारख्यांसाठी एक कलम लिहिले. ज्यांना जिवंत विश्वासाची खात्री अजून जाणवत नाही, पण जे देवाने नेमलेली साधने (वचन, संस्कार यांसारखी) वापरत आहेत, त्यांनी घाबरून जाऊ नये, स्वतःला टाकलेल्यांत गणू नये, ती साधने नेटाने वापरत राहावे आणि अधिक कृपेच्या वेळेची नम्रपणे वाट पाहावी, असे ते सांगते. कारण दयाळू देवाने मिणमिणती वात न विझवण्याचे आणि चेपलेला बोरू न मोडण्याचे वचन दिले आहे. त्याच निवेदनाच्या पाचव्या प्रकरणात दावीद आणि पेत्र यांच्या पतनाचा उल्लेख आहे. ते खरोखर पडले, त्यांचे पाप खरोखर भयंकर होते, आणि देवाने त्यांना सोडले नाही. आपल्या सभेतील शिकवणीला दाविदाचे पश्चात्तापाचे ५१ वे स्तोत्र कोठे बसवायचे हे सांगता येणार नाही.

पाळक, नगर जिल्हा

प्रभुभोजनाविषयी थोडे सांगतो, कारण त्यापासून दूर राहणे आपल्याला अधिक दुर्बल करील. हायडेलबर्गचा ८१ वा प्रश्न नेमका हाच आहे की मेजाजवळ कोणी यावे. उत्तरानुसार ज्यांना आपल्या पापांमुळे स्वतःचा वीट आला आहे, तरीही ती ख्रिस्तामुळे क्षमा झाली आहेत असा ज्यांचा भरवसा आहे, आणि ज्यांना आपला विश्वास अधिक दृढ व्हावा व जीवन सुधारावे अशी इच्छा आहे, त्यांनी यावे. पश्चात्ताप न करणाऱ्यांना आणि ढोंग करणाऱ्यांना तेथे इशारा आहे, पण आपण लिहिलेल्या दोन्ही पत्रांत मला ढोंग दिसत नाही. येत्या प्रभुभोजनाच्या आधी आपल्या पाळकांना भेटून हे सर्व मोकळेपणाने सांगा, त्यांना आपल्याबरोबर प्रार्थना करायला सांगा आणि मग मेजाजवळ जा. प्रार्थनासभेतील बांधवांशी वाद घालण्याची घाई करू नका. त्यांना रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय आपल्यासोबत सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायला बोलवा.