टीव्ही पिवळट दिसतोय म्हणून लगेच वॉर्म (पिवळसर छटेचं कलर सेटिंग) बदलू नका

इथं कोणीतरी लिहिलंय की टीव्हीवर सिनेमा मोड (यात रंग वॉर्म असतात) लावला की सगळं पिवळट दिसतं म्हणून परत विविड या भडक रंगांच्या मोडवर आलो. अहो माझंपण अगदी हेच झालेलं, सांगलीत विश्रामबागला घरी नवीन टीव्ही आला तेव्हा आई म्हणाली कावीळ झालीय का टीव्हीला! पण आठवडाभर तसाच ठेवला आणि मग विविड लावून बघितलं तर सगळ्यांचे चेहरे निळे, कारण पिक्चर बनवताना पांढरा रंग ६५०० केल्विनच्या आसपास (केल्विन म्हणजे पांढऱ्याची छटा पिवळसर की निळसर याचं माप, या ठरलेल्या पांढऱ्याला डी६५ म्हणतात) धरलेला असतो आणि वॉर्म त्याच्याच जवळ जातं, विविड म्हणजे दुकानाच्या झगमगाटात उठून दिसायला.

दुसरं म्हणजे ब्राइटनेस आणि बॅकलाइट एकच समजू नका. खोलीत उजेड जास्त असेल तर बॅकलाइट (पडद्यामागचा उजेड) वाढवायचा, बऱ्याच टीव्हींत ब्राइटनेसनं काळा रंग किती गडद ते ठरतं, तो वाढवला की रात्रीचा सीन राखाडी होतो. काळ्या कोटाच्या चुण्या जेमतेम दिसतील एवढाच ठेवा. शार्पनेस बऱ्याच टीव्हींत जवळजवळ शून्यावर आणायचा, आणि ते मोशन स्मूदिंग (मधल्या जादा फ्रेम बनवून हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) तर आधी बंद करा, सेकंदाला २४ फ्रेमचा पिक्चर पार सिरियलसारखा दिसतो राव. मॅचला चालू ठेवलं तर माझी हरकत नाही.